एका घरातले सहा दरवाजे: कोथरूडच्या एका फ्लॅटचं प्रकरण

घर कोथरूडमधलं, कर्वे रस्त्यापासून आत, १९८०च्या दशकात बांधलेल्या सोसायटीतलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तीन बेडरूम. राहणारी माणसं चार: आजी, वय ७८, गुडघ्याच्या दुखण्यामुळे वॉकर घेऊन चालतात, त्यांचा मुलगा आणि सून, दोघंही नोकरी करणारे, आणि नात, जी त्या वर्षी अकरावीतून बारावीत चालली होती. फरशी, रंग, दोन्ही बाथरूम आणि आतले सगळे दरवाजे असं एकदमच काम काढायचं त्यांनी ठरवलं होतं.

या कामाचा सल्ला द्यायला मी गेले तेव्हा दरवाजे त्यांच्या दृष्टीने ठरलेलेच होते. एका शोरूमच्या कॅटलॉगमधलं एक पान सूनबाईंनी दुमडून ठेवलं होतं: पांढरा मेम्ब्रेन दरवाजा, त्यावर आडव्या खाचा, सहाही ठिकाणी तोच. कारणही सांगितलं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. "सगळं घर एकसारखं दिसेल, ताई. आत्ता प्रत्येक दाराचा रंग वेगळा, कड्या वेगळ्या. बघवत नाही."

हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण जुन्या फ्लॅटचं काम निघालं की दरवाजा अगदी शेवटी, भिंतीच्या शेडबरोबर निवडला जातो. पल्ला, म्हणजे दाराची उघडमीट होणारी फळी, कसा दिसतो एवढंच पाहिलं जातं. पण तो पल्ला कुठल्या चौकटीत बसणार, कुठल्या बाजूला उघडणार, त्याच्या आड काय चालणार आणि त्याच्या खालून काय जाणार किंवा जाऊ नये, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. सहा ठिकाणची सहा कामं आधी मांडायची आणि मग पल्ल्याकडे वळायचं, असा माझा आग्रह होता. घरच्यांनी तो ऐकून घेतला, आणि कॅटलॉग दिवाणावर तसाच राहिला.

आधी चौकटी

सुतारमिस्त्रींना घेऊन पहिली पाहणी केली ती फक्त चौकटींची. तिन्ही बेडरूमच्या चौकटींवर ऑइलपेंटचे इतके थर होते की लाकूड कुठलं ते कळत नव्हतं. मिस्त्रींनी एका कोपऱ्यात पटाशीने रंग खरवडला, आतला सोनेरी-तपकिरी रेषांचा तुकडा नखाने दाबून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, साग आहे. चार बाय अडीचचा. ही चौकट काढायची नाही, आज अशी मिळणार नाही." तिन्ही चौकटी सागाच्या निघाल्या. वाळवीचा माग नाही, भुंग्याचा भुगा नाही. पिन टोचून लाकडातला ओलावा सांगणारं मीटर लावलं तर नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास आकडा आला. फेब्रुवारीतल्या पुण्यात तो अपेक्षितच होता.

पण चौकटी सरळ नव्हत्या. ओळंबा धरला तेव्हा आजींच्या खोलीची एक बाजू वरपासून खालपर्यंत पाच मिलिमीटर कललेली दिसली. नातीच्या खोलीची रुंदी वर ७६४, मध्ये ७६१, खाली ७५८ मिलिमीटर भरली. दोन्ही कर्ण मोजले, तेही जुळेनात. मिस्त्रींच्या भाषेत चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हती. जुन्या इमारतीत हे इतकं सर्रास असतं की त्यात दोष काढण्यासारखं काही नाही. फक्त कॅटलॉगमधल्या दरवाजाचा निकाल इथेच लागला. एचडीएफ किंवा एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डावर, पीव्हीसीचा पातळ थर चढवलेला कारखान्यातला पल्ला येतो तो तयार मापात. जागेवर त्याची कड रंधून घेतली की तो थर कापला जातो आणि आतला बोर्ड उघडा पडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जो ओलावा असतो, त्यात तो थर त्या उघड्या कडेपासून सुटायला लागतो. वाकड्या चौकटीत सरळ पल्ला बसवायचा तर कड तासावी लागणारच. त्यामुळे एकतर चौकटी नव्या करा, नाहीतर तासता येईल असा पल्ला घ्या. साग काढून त्याजागी एमडीएफ आणायला मी तरी कधीच सांगणार नाही.

दुसरी गोष्ट फरशीची. जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी टाइल बसणार होती. म्हणजे तळ साधारण १८ ते २० मिलिमीटरने वर येणार. पल्ल्याची उंची आज मोजली तर ती उद्या खोटी ठरली असती, म्हणून टाइल बसून तिचं ग्राउटिंग, म्हणजे सांधे भरणं, होईपर्यंत एकाही पल्ल्याची ऑर्डर द्यायची नाही असं ठरवलं. घरच्यांना हा उशीर जाचला. रंगारी येऊन बसला होता. तरीही थांबलो.

जो दरवाजा विकत घेतलाच नाही

मोठ्या बेडरूमचा दरवाजा जुना, सागाचा, पॅनेलचा. तो पावसाळ्यात अडकतो, वरचा कोपरा घासतो, दरवर्षी रंधा मारावा लागतो, म्हणून तो आधी फेकायचा, असं यजमानांचं, म्हणजे आजींच्या मुलाचं, म्हणणं होतं.

बंद पल्ल्याभोवतीची फट पाहिली. बिजागरीच्या बाजूला वर फट मोठी, जवळजवळ बोटाच्या पेराएवढी. कडीच्या बाजूला वर फट शून्य, आणि खाली त्याच बाजूला पल्ला फरशीला टेकायला आलेला. फुगलेला पल्ला सगळ्या उंचीभर घासतो. कडीच्या बाजूच्या वरच्या टोकालाच घासत असेल, तर पल्ला बसलेला असतो, म्हणजे बिजागरीतून खाली ओघळलेला. वरची बिजागरी हलवून पाहिली तेव्हा तीन स्क्रू नुसतेच फिरत होते. इतकी वर्षं रंधा मारला जात होता तो चुकीच्या दुखण्यावर.

साग फुगत नाही असं मात्र कोणी समजू नये. खोडातल्या वाढीच्या वर्तुळांना समांतर कापलेल्या सागात दर एक टक्का ओलाव्यामागे रुंदी सुमारे ०.१९ टक्के बदलते. पॅनेलच्या दरवाजात दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या मिळून साधारण २०० मिलिमीटर रुंदी होते. उन्हाळा आणि पावसाळा यांत लाकडातला ओलावा सहा टक्क्यांनी वरखाली झाला, तर त्या दोन पट्ट्या मिळून दोन मिलिमीटरहून थोड्या जास्त फुगतात. मधली पॅनेलं खाचेत सुटी असतात, ती आतल्या आत सरकतात. म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर फट ठेवली असेल तर हा दरवाजा पावसाळा सहज काढतो. जुन्या सुतारांनी तो असा जोडलेला असतो तो त्यासाठीच.

स्क्रूची जुनी भोकं सागाच्या खुंट्या सरसासकट ठोकून बुजवली, नवीन भोकं पाडून लांब स्क्रू लावले, तिसरी बिजागरी वाढवली. ऑइलपेंटचे थर खरवडले, कडांवरचेही. कित्येक रंगकामांचे थर साठून कडेवर मिलिमीटरभर जाडी आपसूक चढलेली असते, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. पॉलिश झाल्यावर हा त्या घरातला सगळ्यात देखणा दरवाजा ठरला. खर्च नव्या पल्ल्याच्या अर्ध्याहून कमी झाला.

नातीची खोली

इथे काम एकच होतं: हॉलमधला टीव्ही आणि स्वयंपाकघरातला मिक्सर खोलीत ऐकू येता कामा नये. आजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्हीचा आवाज मोठा असतो. त्यांना तो कमी करायला सांगणं कोणालाच नको होतं, आणि ते बरोबरच होतं.

जुना पल्ला बोटाने वाजवला तर पोकळ आवाज आला. आत नुसत्या पट्ट्यांची जाळी आणि बाहेरून पातळ प्लाय. आवाज अडवण्यासाठी वजन लागतं; पल्ल्याचं वजन दुप्पट झालं तर ढोबळ मानाने पाच-सहा डेसिबल आवाज जास्त अडतो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. म्हणून इथे ३५ मिलिमीटर जाडीचा, आत पूर्ण पाइन भरलेला फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट पल्ला, घ्यायचं ठरवलं. पावणेतीन फुटांच्या आत रुंदी आणि सात फुटांच्या आत उंची धरली तरी असा पल्ला तीस किलोंच्या पुढेमागे जातो. त्यामुळे दोन बिजागऱ्यांवर भागणार नव्हतं. बेअरिंगच्या, स्टेनलेस स्टीलच्या चार घेतल्या.

पण नुसत्या वजनाने काम होत नाही. जुन्या पल्ल्याखालची फट मी मोजली: १२ मिलिमीटर उंच आणि ७६० लांब. क्षेत्रफळ काढलं तर ९० चौरस सेंटिमीटरच्या वर, म्हणजे पोस्टकार्डाच्या जवळजवळ पाऊण भागाएवढं भोक. एवढं भोक ठेवून वर कितीही जड पल्ला लावला तरी आवाज तिथून सरळ आत येतो. म्हणून चौकटीच्या खाचेत तिन्ही बाजूंनी सिलिकॉनची गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी मऊ पट्टी, बसवली, आणि पल्ल्याच्या खालच्या कडेत खाच करून दार मिटलं की आपोआप खाली उतरणारी सील पट्टी बसवली. ही पट्टी बसवायची तर पल्ला आतून भरीव असावाच लागतो, पोकळ पल्ल्यात ती धरत नाही. पट्टीच्या पुढच्या कथेकडे शेवटी येते.

एक गोष्ट नातीच्या आईने विचारली, "एवढं घट्ट केलं तर खोलीत हवा कुठून येणार?" प्रश्न रास्त होता. त्या खोलीला दोन बाजूंना खिडक्या आहेत आणि अभ्यास करताना एक थोडी उघडी असते. दुसऱ्या कुठल्या, एकाच आणि कायम बंद खिडकीच्या खोलीत मी ही पट्टी सुचवली नसती.

बाथरूम, आणि सगळ्यात मोठा विचार

सामाईक बाथरूम आजी वापरतात. तिथे लाकडी चौकट होती आणि तिचे पाय खालून वीतभर कुजलेले होते. पीव्हीसीचा पल्ला आतल्या बाजूला उघडायचा. पॅसेजमध्ये, दाराला लागूनच, बेसिन. आणि आत, गॅस गिझर.

दरवाजा आत उघडतो याचा अर्थ घरच्यांना मी एका वाक्यात सांगितला: आजी आत पाय घसरून पडल्या आणि दाराला टेकून पडल्या, तर दार उघडताच येणार नाही. त्यानंतर त्या दाराच्या रंगाबद्दल कोणी काही बोललं नाही. वयस्कर माणूस असलेल्या घरात बाथरूमचं दार बाहेर उघडणारं असावं, निदान बाहेरून पल्ला काढता यावा, हे माझ्या मते बाकी सगळ्याच्या आधी येतं.

बाहेर उघडायचं तर बेसिनपाशी उभ्या असलेल्या माणसाला पल्ला लागणार. म्हणून बिजागरी बेसिनच्या विरुद्ध बाजूला घेतली. आता पल्ल्याची मोकळी कड बेसिनपासून दूर जाते, आणि तो पूर्ण फिरून पॅसेजच्या टोकाच्या, कोणी ये-जा न करणाऱ्या भिंतीला जाऊन टेकतो. यजमानांनी सरकता दरवाजा सुचवला होता. भिंतीवरून सरकणाऱ्या पल्ल्यात भिंत आणि पल्ला यांच्यामध्ये फट राहतेच, वास आणि आवाज तिथून जातो. शिवाय वॉकर एका हाताने धरून दुसऱ्या हाताने जड पल्ला सरकवणं आजींना जमलं नसतं. तो विचार सोडला.

चौकट तशीही कुजलेलीच होती, म्हणून पुण्यात हल्ली बाथरूमला सगळीकडे करतात तशी ग्रॅनाइटची चौकट केली: मागे रुंद पट्टी, तिच्यावर अरुंद पट्टी चिकटवून पल्ला टेकण्यासाठी खाच. ही खाच कुठल्या बाजूला येते त्यावरच दार आत उघडणार की बाहेर हे ठरतं, आणि पट्टी एकदा चिकटली की नंतर बदलता येत नाही. चौकट बसवणारा गवंडी आणि दार बसवणारा सुतार ही वेगळी माणसं असतात, एकमेकांशी बोलतातच असं नाही. म्हणून मी भिंतीवर खडूने बाण काढून खाली "बाहेर" असं लिहून ठेवलं, आणि पट्टी चिकटवताना समोर उभी राहिले.

चौकट बदलण्याचा एक फायदा अनपेक्षित होता. लाकडी चौकटीचे पाय अडीच इंच जाड, ग्रॅनाइटची एकेक पट्टी २० मिलिमीटर, एका बाजूच्या दोन मिळून ४०. भिंतीला हात न लावता, आणि पल्ला पूर्ण फिरून भिंतीला टेकत असल्यामुळे त्याची जाडी वाटेत येत नसल्याने, मोकळी जागा साधारण ६७५ वरून ७१५ मिलिमीटर झाली. आजींचा वॉकर आता बोटं न घासता जातो. पुढे कधी व्हीलचेअर लागली तर अरुंद खुर्ची कशीबशी जाईल. ही रुंदी आदर्श नाही. सर्वांना वापरता येतील अशा इमारतींसाठीच्या मार्गदर्शक सूचना ९०० मिलिमीटर मोकळी रुंदी सांगतात. जुन्या फ्लॅटमध्ये तेवढी मिळवायची तर भिंत फोडावी लागते, लिंटेलचा, म्हणजे दारावरच्या तुळईचा, प्रश्न येतो, सोसायटीची परवानगी लागते. ते आत्ता नको असं घरच्यांनी ठरवलं, आणि ७१५ म्हणजे काय हे समजून घेऊन ठरवलं.

उंबरठा पूर्वी इंचभराचा होता. तो १० मिलिमीटरवर आणला, कड गोल करून घेतली, आणि बाथरूमचा उतार जाळीकडे नीट काढून घेतला, म्हणजे पाणी बाहेर येऊ नये.

आता गॅस गिझर. नातीच्या खोलीत मी फटी बुजवत होते, इथे उलट करायचं होतं. गॅस जळताना खोलीतली हवा वापरतो. ती अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बाथरूमसारख्या लहान जागेत तो माणसाला काही मिनिटांत बेशुद्ध करू शकतो. पुण्यातही अशा मृत्यूंच्या बातम्या आलेल्या आहेत. या बाथरूमच्या झरोक्याला थंडी लागते म्हणून कधीतरी आतून काच बसवली होती. जुना पीव्हीसीचा पल्ला सैल असल्यामुळे आतापर्यंत फटीतून हवा जात राहिली. नवीन, चोख बसणारं दार लावलं असतं तर तीही बंद झाली असती. म्हणजे चांगला दरवाजा आणल्याने धोका वाढला असता. मी स्पष्ट सांगितलं: गिझर आतून निघाल्याशिवाय नवा पल्ला बसणार नाही. गिझर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत गेला, गरम पाण्याची लाइन भिंतीतून आत आली. झरोक्याची काच निघाली, तिथे एक्झॉस्ट फॅन लागला. फॅनला बाहेर फेकायला हवा लागते, म्हणून पल्ल्याखाली १५ मिलिमीटर फट मुद्दाम ठेवली.

पल्ला कशाचा, हा प्रश्न या सगळ्यानंतर आला आणि सोपा होऊन आला. पीव्हीसी कुजत नाही, स्वस्त असतो, पण आत पोकळ. बिजागरीचे स्क्रू काही वर्षांत ढिले होतात आणि आधाराला हात टेकला तर पल्ला लवतो. आजी दाराला हात टेकतातच. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा पल्ला, भरीव असतो, पाण्याने फुगत नाही. त्यात स्क्रू किती धरेल हे त्याच्या घनतेवर असतं, म्हणून तुकडा हातात घेऊन वजन बघायचं आणि स्क्रूला आधी बारीक भोक पाडून घ्यायचं. सामाईक बाथरूमला ३० मिलिमीटरचा डब्ल्यूपीसी घेतला. यजमानांच्या खोलीतल्या बाथरूमला एफआरपी, म्हणजे काचतंतूंचा साचेबंद पल्ला. तो हलका असतो, आतल्या बाजूने पाणी बसलं तरी चालतो, आणि तिथे कोणाला टेकायचं नव्हतं.

कुलूप आतून फिरवायचं, पण बाहेरून नाणं घालून उघडता येणारं लावलं. हँडल गोल मुठीचं नको, खाली दाबायचं घेतलं. दुखऱ्या बोटांना मूठ पकडून पिळता येत नाही, कोपराने किंवा मनगटाने दाबता येतं. आजींच्या खोलीलाही तेच हँडल, आणि आतून कडी नाहीच. कडी काढण्याबद्दल आजी आधी नाराज होत्या. "माझ्या खोलीला कडी नको? मी काय लहान आहे?" असं त्या म्हणाल्या. मग बाहेरून उघडता येणारं तसलंच कुलूप तिथेही लावलं, आणि त्या राजी झाल्या. त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. सुरक्षिततेच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसाचा दरवाजा बंद करण्याचा हक्क काढून घेऊ नये.

स्वयंपाकघराचं दार कधी मिटलंच गेलं नव्हतं, त्याच्या मागे फ्रिज होता. पल्ला काढून टाकला, बिजागरीच्या खाचा बुजवल्या. विषय संपला.

खरेदी

आजींच्या आणि नातीच्या खोलीचे फ्लश डोअर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घेतले, बिजागऱ्या आणि कुलुपं बोहरी आळीतून. पल्ल्याचा दर चौरस फुटावर सांगतात, पण मापं ठरावीक टप्प्यांत येतात. तुमचं माप मधलं असेल तर पैसे पुढच्या मापाचे द्यावे लागतात. लिपिंग (कडेला लावायची लाकडी पट्टी), लॅमिनेट, ते चिकटवण्याची मजुरी, वाहतूक आणि तीन मजले हमाली वेगळी. या घरात पल्ल्याच्या किमतीएवढाच जवळजवळ या सगळ्याचा खर्च झाला. दुकानदाराने सांगितलेला दर ऐकून बजेट करणारे इथेच फसतात.

फ्लश डोअरच्या भारतीय मानकाचा क्रमांक आयएस २२०२. प्रमाणित पल्ल्यावर तो आणि परवाना क्रमांक छापलेला असतो. तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर घातला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते दिसतं. दुकानात उभं राहूनच पाहता येतं, आणि पाहिल्याचं दुकानदाराला वाईट वाटलं तर दुसरं दुकान शेजारीच असतं. या मानकाच्या पल्ल्यांसाठी पल्ल्याचं टोक पाण्यात बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवून पाहण्याची चाचणी ठरलेली आहे. आपल्या घरात दार नेमकं तिथूनच मरतं, त्यामुळे हा शिक्का मला महत्त्वाचा वाटतो. कडेला डोळा लावून आतल्या पट्ट्यांमधल्या फटी पाहिल्या. पल्ला जमिनीवर आडवा टाकून दोन कोपऱ्यांत दोरी ताणली आणि बाक पाहिला. एक पल्ला परत केला.

लॅमिनेटबद्दल सूनबाईंची इच्छा होती की हॉलच्या बाजूला लाकडी रेषांचं आणि खोलीच्या आत पांढरं. काहीच हरकत नव्हती, फक्त दोन्ही बाजूंना एकाच जाडीचं, दोन्हीकडे एक मिलिमीटरचं. एका बाजूला लॅमिनेट आणि दुसऱ्या बाजूला नुसता रंग किंवा पातळ लायनर लावला की दोन बाजू ओलावा वेगवेगळा घेतात आणि पल्ला धनुकलीसारखा वाकतो. मग कुलूप लागत नाही आणि दोष सुताराला जातो. घर एकसारखं दिसावं ही त्यांची मूळ इच्छा अशी पुरी झाली: हॉलमधून दिसणारे तिन्ही पल्ले एका रंगछटेत आले, कारण लॅमिनेट त्या जुन्या सागाच्या पॉलिशशेजारी धरूनच निवडलं.

बसवणी

पल्ले घरात आणून आडवे, खाली पट्ट्या देऊन, दोन आठवडे ठेवले. भिंतीला तिरके टेकवून ठेवलेला पल्ला बसवण्याआधीच वाकतो. फट वर आणि बाजूंना तीन मिलिमीटर. मिटणाऱ्या कडेला किंचित उतार, म्हणजे पल्ला फिरताना चौकटीला कोपरा लागत नाही. चौकट गुण्यात नसल्यामुळे रंध्याचं काम बरंच होतं, पण एका बाजूने किती काढायचं याला मर्यादा असते. कडेची भरीव लाकडाची पट्टी काही इंचांचीच असते आणि कुलूपही तिच्यातच बसतं. आजींच्या कललेल्या बाजूला आम्ही पाचही मिलिमीटर एका कडेतून न काढता दोन्हीकडे वाटून घेतले.

आता या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात जिव्हाळ्याची जागा. आजींच्या खोलीचा जुना पल्ला उतरवला तेव्हा तो उलटा करून पाहिला. दोन्ही बाजूंना रंग चकचकीत, आणि खालची कड कोरी. कधीच रंग न लागलेली. प्लायचे थर सुटून बोटभर फुगले होते, काळे पडले होते. रोज फरशी पुसताना ओलं फडकं त्या कडेला लागत होतं, आणि उघड्या लाकडाचं टोक पाणी वर ओढत होतं. आतून कुजलेलं दार बाहेरून शेवटपर्यंत चांगलं दिसत होतं. म्हणून नव्या पल्ल्यांची उंची कापून झाल्यावर, बिजागरीवर चढवण्याआधी, मिस्त्रींनी खालची आणि वरची कड प्रायमर आणि दोन हात रंगाने बंद केली. कुलपासाठी पोखरलेल्या भोकाच्या आतही ब्रश फिरवला. या कामाला अर्धा तास लागतो. पल्ला एकदा चढला की खालची कड कोणाला दिसत नाही, म्हणून ती समोर उभं राहून करून घ्यावी लागते.

पावसाळ्यानंतर

ऑगस्टमध्ये जाऊन सगळे दरवाजे पुन्हा पाहिले. सागाचा जुना पल्ला कडीच्या बाजूला मिलिमीटरभर फुगला होता, फट दोनवर आली होती, अडकत नव्हता. दोन्ही फ्लश डोअरच्या फटीत मोजण्याजोगा फरक नव्हता. सामाईक बाथरूमचं दार आजी कोपराने उघडतात.

नातीच्या खोलीची सील पट्टी मात्र पूर्ण जमली नाही. दाराखाली दोन टाइलींचा सांधा येतो आणि तिथे एक टाइल दोन-तीन मिलिमीटर खाली बसली आहे, त्यामुळे पट्टी दोन टोकांना टेकते आणि मध्ये फट राहते. पट्टी तशीच ठेवून तिच्या पुढे, पल्ल्याच्या आतल्या बाजूला, दाट ब्रशची पट्टी लावली. मिक्सर आता ऐकू येत नाही म्हटलं तरी चालेल. टीव्हीवरच्या मालिकेचं शीर्षकगीत अजून ओळखू येतं, संवाद कळत नाहीत. तिच्या अभ्यासाला तेवढं पुरतं, असं तिनेच सांगितलं.

खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने हे काम पाहून तसंच बाथरूमचं दार हवं असं कळवलं आहे. फ्लॅट त्याच नकाशाचा, पण त्यांनी मध्यंतरी बेसिन पॅसेजच्या दुसऱ्या बाजूला हलवलं आहे आणि गॅस गिझर अजून आत आहे. त्यांच्याकडे बिजागरी उलट बाजूला येईल, आणि गिझर बाहेर काढण्यासाठी आधी प्लंबर जाईल. चौकटीचं माप त्यानंतर.